पंचवीस पावलं खाली

वेस्ट हॅडनममधले लोक शपथेवर सांगतात की चेस्टर पिलार्स्की ओढ्याकाठची चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "इथं वर्षातले चार महिने पाणी असतं." एकदा तर म्हणे मातीच्या नुसत्या चवीवरून त्यानं पूर कुठल्या साली आला होता तेही सांगितलं, आणि त्या पुरात कुणाचं डुक्कर वाहून गेलं तेही. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं लोकांना घाबरवायला पुरत होतं.

गावाच्या ओढेकमिटीवर तो एकोणीस वर्षं होता. पाच माणसं, पगार काही नाही, दर दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी टाउन हॉलच्या तळघरात बैठक. ओढ्याजवळ किंवा दलदलीजवळ कुणाला घर बांधायचं असो, चर खणायचा असो की मोरी घालायची असो, आधी या पाचांपुढं कागद ठेवायचा. कोरडी जमीन संपून पाणथळ जिथं सुरू होते तिथल्या झुडपांना गुलाबी फिती बांधतात. त्या फितीपासून पन्नास फुटांच्या आत कुदळ मारायची नाही. बाकीचे चौघं नकाशा बघायचे, मान हलवायचे. चेस्टर चष्मा वर करून एकच विचारायचा, "फितीपासून किती फूट?" गावात या वाक्याची इतकी टर उडायची की चर्चमध्ये नवरा-नवरी वेदीपाशी उभे राहिले तरी मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच तेच विचारायचं.

रोमन कुझ्नारचं खुराडं एकोणचाळीस फुटांवर निघालं होतं. टेपचं टोक चेस्टरनंच धरलं होतं. कमिटीचा हुकूम निघाला आणि रोमननं ट्रॅक्टरला साखळी लावून खुराडं अकरा फूट ओढत नेलं, आत कोंबड्या असतानाच. त्या धसक्यानं कोंबड्यांनी महिनाभर अंडं घातलं नाही, आणि नंतर जी घातली ती चौकोनी होती, असं रोमन सांगायचा. चेस्टर त्यावर हसायचा नाही. "अकरा फूट म्हणजे अकरा फूट," एवढंच म्हणायचा.

त्या वर्षी हिवाळा लांबला. एप्रिल अर्धा सरला तरी डोंगरावरचं बर्फ वितळतच होतं आणि ओढा मेंढरांच्या कळपासारखा धडपडत खाली येत होता. त्याच पंधरवड्यात चेस्टरची मुलगी लोरेन कायमची परत आली. सेहेचाळीस वर्षांची, इस्पितळातली नर्स, नवरा केव्हाच सोडून गेलेला. शहरातलं घर विकून आली ती आईसाठी. आईचे, बर्निसचे, दोन्ही खुबे गेले होते. जिना ती बसून उतरायची, एकेक पायरी, लहान लेकरासारखी, आणि उतरताना कुणी बघितलेलं तिला खपायचं नाही. लोरेनला आईबापांच्या शेतातच एक बैठं घर बांधायचं होतं, रुंद दारांचं, बिनपायऱ्यांचं, आईला खाली आणून ठेवता येईल असं. थंडीच्या आत उभं राहायला हवं होतं. तोवर ती बाहेरच्या खोलीत कोचावर झोपायची आणि सकाळी मान धरून उठायची.

शेत रस्त्यापासून ओढ्याकडं उतरत गेलेलं. वर घर, त्याला लागून वाळूच्या उंचवट्यावर वीस गुंठे शतावरी. आपली औषधाची मुळी नव्हे, तिची गोरी चुलत बहीण, जिचे कोंब खातात. त्या नदीखोऱ्यातले पोलिश शेतकरी तिला नुसतं 'गवत' म्हणतात, जसा राजा आपल्या हत्तीला 'जनावर' म्हणेल. चेस्टरचं गवत त्याच्या बापानं लावलेलं. शतावरीची मुळं वीस वर्षांत म्हातारी होतात हे शेतीखात्याला ठाऊक होतं. चेस्टरच्या मुळांना कुणी कळवलं नव्हतं. रस्त्याकडेच्या फळीवर जुड्या ठेवल्या की दुपारपर्यंत फळी रिकामी. उंचवट्याच्या खाली पडीक उतार, आणि त्याच्याखाली ओलीत वाढणारी आल्डरची झुडपं, दलदल, ओढा. घर उतारावर घ्यायचं असं ठरलं.

सोमवारी फिती बांधणारी बाई आली. दोन गावं पलीकडची, वनस्पतींची जाणकार, गमबूट घातलेली. मातीत गिरमिट फिरवत, झाडपाला बघत ती दिवसभर फिरली आणि एकवीस फिती बांधून, प्रत्येकीवर आकडा टाकून निघून गेली. संध्याकाळी चेस्टर बघायला गेला. चौदा फिती जिथं असायला हव्या तिथंच होत्या. मधल्या सात वर चढून आल्या होत्या. दलदलीचं एक बोट उताराच्या पोटात शिरलं होतं आणि बाईनं ते बरोबर पकडलं होतं. चेस्टरनं वाकून माती चिमटीत घेतली. चव घ्यायची गरज नव्हती. पन्नास फूट सोडले तर घराला जागा उरत होती ती एकच: वरचा उंचवटा.

जेवताना बर्निस म्हणाली, "मग उपट ते गवत."

"आधी मोजणीवाला येऊ दे."

"मोजणीवाला काय गवत उपटणारे?"

"आंबवलेला कोबी सरकव इकडं," चेस्टर म्हणाला.

लोरेन दोघांकडं बघत होती. "ताता, तुम्ही म्हणाल तिथं बांधू. मला जागेचं काही नाही."

"बघतो ना," तो म्हणाला.

गुरुवारी मोजणीवाला येऊन फितींची जागा कागदावर उतरवणार होता. बुधवारी उजाडताना चेस्टर घोट्यापर्यंतच्या चिखलात उभा होता. सातवी फीत त्यानं सोडली, उतारावरून पंचवीस पावलं खाली गेला आणि तिथल्या आल्डरच्या फांदीला बांधली. मग आठवी. फिती बांधणाऱ्या बाईची गाठ निराळी होती, दोन वेढे आणि मग फास. चेस्टरच्या खुरट्या बोटांना ती जमेना. तीनदा सोडली, तीनदा बांधली. लोरेन लहान असताना बर्निस तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, तेव्हा मुलीच्या केसांची रिबीनही तोच बांधायचा, आणि तीही अशीच तीन वेळा. हे पोरीसाठीच चाललंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तेराव्या फितीपर्यंत ते त्याला जवळजवळ पटलं. समोरच्या पाण्यात एक बगळा उभा होता. त्यानं सगळं पाहिलं, पण बगळ्याला मत नसतं.

शनिवारी कमिटी शेत बघायला आली. पुढं थर्लोबाई, वय चौऱ्याऐंशी, कमिटीच्या अध्यक्ष. निम्म्या गावाला शाळेत विज्ञान त्यांनीच शिकवलेलं, चेस्टरलाही. अजूनही कुणी त्यांना नावानं हाक मारायचं नाही. मागं दातांचे डॉक्टर एल्वूड, ज्यांना प्रत्येक गोष्टीत गंमत दिसायची, आणि आणखी दोघं. डॉक्टरांनी गाडीतून गिरमिट काढलं तशी बाईंनी काठी आडवी धरली.

"ते ठेव आत. चेस्टरच्या शेतात गिरमिट फिरवायचं म्हणजे पाद्र्याचा खिसा तपासायचा."

"पाद्र्यांचे खिसे तपासायला हवेत असं आता ऐकतो," डॉक्टर म्हणाले, आणि सगळे हसले. चेस्टरही हसला. हसताना त्याला आपल्या तोंडात एकदम फार दात आहेत असं वाटलं.

मंगळवारी बैठकीत लोरेनच्या घराचा अर्ज पुढं आला. ज्याच्या घरचा अर्ज त्यानं खोलीबाहेर जायचं, असा नियम. बाहेर बोळात सकाळची बालवाडी भरायची, म्हणून तिथं वीतभर उंचीच्या खुर्च्या. चेस्टर त्यातल्या एकीवर बसला, गुडघे कानाशी. दार नीट लागत नसे.

"फिती लांब आहेत. घर सत्तर फुटांवर येतंय," डॉक्टरांचा आवाज.

"चेस्टर पिलार्स्कीचं आहे म्हणजे सत्तर म्हणून पंचाहत्तर असणार," थर्लोबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत या माणसानं मला एक इंचाची थाप मारलेली नाही. मत घ्या."

चार मिनिटांत काम झालं. दार उघडून डॉक्टरांनी त्याला हात देऊन उठवलं. खुर्ची त्याच्या बुडाला चिकटूनच वर आली, म्हणून पुन्हा सगळे हसले.

मे उजाडला आणि गवत आलं. पहाटे पाचला बाप-लेक वाफ्यात उतरत. एका हातात लांब सुरी, टोकाशी माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. कंबरेत वाकायचं, कोंब धरायचा, मातीखाली सुरी घालून कचकन कापायचा, पुढं सरकायचं. तासाभरात पाठीचा कणा गंजलेल्या बिजागरीसारखा व्हायचा. गरम दिवसांत ते गवत इतक्या जोरानं वाढायचं की ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत मागचं पुन्हा वर आलेलं असायचं. टोपी खाली ठेवली तर कोंबावर चढून बसायची. लोरेनला सवय नव्हती. तिच्या तळव्याला फोड आले, फुटले, तरी ती कापत राहिली. मधेच कंबरेवर हात ठेवून ती खालच्या उताराकडं बघायची. तिथं चार खुंट्या आणि दोरी होती. "खिडकी ओढ्याकडं घेऊ," ती म्हणायची. "आईला पाणी बघायला मिळेल."

खोदायला रोमन कुझ्नारच आला. गावात खोदयंत्र त्याचंच होतं. पहिली फूटभर माती तपकिरी निघाली. मग यंत्राचं फावडं आणखी खाली गेलं आणि जे वर आलं ते राखी होतं, ओल्या राखेसारखं, मधून मधून गंजाच्या शिरा. कुजक्या अंड्यांचा वास सुटला. खड्ड्याच्या तळाला पाणी डोळे उघडावेत तसं ठिकठिकाणी दिसायला लागलं.

रोमननं इंजिन बंद केलं. खाली उतरून एक ढेकूळ उचललं, हुंगलं आणि चेस्टरपुढं धरलं. "चव घेता का, काका?"

चेस्टरनं वर घराकडं बघितलं. लोरेन वर घरात होती, आईला अंघोळ घालत.

रोमन चालत खाली गेला, सातव्या फितीपाशी थांबला. फितीकडं बघितलं, मागं वळून खड्ड्याकडं बघितलं. ओढेकमिटीपुढं बारा वेळा उभा राहिलेला माणूस तो. पाणथळ कुठं सुरू होते हे त्याला पाठ होतं. तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू असेल असं चेस्टरला वाटलं होतं. हसू नव्हतं. तेच वाईट होतं.

"पंप लावतो," रोमन म्हणाला. "तळाला दोन गाड्या खडी टाकू. वरून काही दिसणार नाही."

"रोमन, मी तुला सांगतो काय झालं ते."

"नका सांगू. सांगितलंत तर मला ऐकू येईल." तो यंत्रावर चढला. "लोरेन माझ्या वर्गात होती. तिला घर पाहिजे. मी खड्डा खणतोय. बास."

दोन दिवसांनी थर्लोबाई आल्या. बांधकामाच्या खालच्या बाजूला पेंढ्याच्या वळकट्या टाकतात, गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून. त्या नीट आहेत का बघायला. डॉक्टरांनी त्यांना गाडीतून आणलं आणि स्वतः गाडीतच फोनवर कुणाच्या तरी दाढेबद्दल बोलत बसले. बाई काठी टेकत उतरल्या. खड्ड्यात खडी पडली होती. पण कडेला मातीचा एक ढीग राहिला होता, वारा लागून वास बराचसा उडालेला.

"एक ढेकूळ दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून रंगांची वही काढली. तिच्या पानापानावर रंगाचे छोटे चौकोन आणि प्रत्येकाशेजारी भोक. मागून माती धरायची, भोकातून बघायची, कुठल्या चौकोनाशी जुळते ते ठरवायचं: तपकिरी म्हणजे कोरडी जमीन, राखी म्हणजे पाणथळ. बाईंनी वही डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग ती चेस्टरकडं दिली.

"तूच बघ. मोतीबिंदूनं माझं सगळं जग ताकासारखं झालंय. राखी कुठलं, तपकिरी कुठलं, मला कळत नाही. कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर कमिटीवरून काढतील आणि मग मी काय करू, विणकाम?"

चेस्टरनं ढेकूळ वहीमागं धरलं. राखी पान समोर होतं आणि भोकातून दिसणारी माती त्या चौकोनात अशी मिसळली होती की भोक आहे हेच कळेना.

"काय दिसतंय?"

"तपकिरी, बाई."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी पेन्सिल काढली आणि आपल्या टिपणवहीत मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, ओळ सोडून खाली गेलेलं. "बरं झालं तू आहेस," त्या म्हणाल्या. "नाहीतर हल्ली कुणाचे डोळे उसने घ्यायचे?"

त्या दिवशी चेस्टरनं दुपारी जेवण केलं नाही. पोट बिघडलंय म्हणाला. बर्निसनं त्याला बार्लीची पेज दिली आणि त्यानं ती कोंबड्यांसारखी टिपत टिपत संपवली.

पुढच्या मंगळवारी रोमनचा अर्ज होता. चराच्या बाजूनं जाणारी वाट त्याला रुंद करायची होती आणि तिच्याखालचा फुटका नळ बदलायचा होता. नकाशा टेबलावर पसरला. सगळ्यांनी मान हलवली आणि सवयीनं चेस्टरकडं बघितलं. कागदावर आकडा होता, चौतीस. तो त्याला टेबलाच्या टोकावरूनही दिसत होता.

"माझी हरकत नाही," चेस्टर म्हणाला.

"अरे?" डॉक्टर एल्वूड खुर्चीत मागं रेलले. "आज फूट नाहीत? तब्येत बरी आहे ना?"

"मत घ्या," चेस्टर म्हणाला.

चेस्टरची हरकत नाही म्हणजे मोजण्यासारखं काही नाही, अशी त्या खोलीची एकोणीस वर्षांची सवय. चौघांनी हात वर केले.

रोमन जिन्यात थांबला होता. चेस्टर वर येईपर्यंत त्यानं खिशातून घडी घातलेला दुसरा कागद काढला. "हे बघा. यात वाट पन्नास फुटांवर आहे. तुम्ही विचारणार, मी तोंड वाकडं करणार आणि हा काढून देणार, असं ठरवून आलो होतो."

"मग आधीच का नाही दिलास?"

"कारण तुम्ही विचारणार होतात." रोमनचा आवाज चढला नव्हता. "काका, खुराडं ओढायला लावलंत तेव्हा घरी जाऊन मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की बायको दुसऱ्या खोलीत गेली. पण वाटायचं, या गावात एक माणूस आहे, ज्याच्याकडून माझ्या बापालाही सूट मिळाली नसती. मी तुमचं झाकलं ते लोरेनसाठी. आज तुम्ही त्याचं बिल चुकतं केलंत. आता मी काय समजू? की खड्ड्यात खडी टाकली की ओढेकमिटी खिशात येते?"

"तसं नाही."

"मग कसं आहे?"

रोमननं पन्नास फुटांचा कागद त्याच्या हातात दिला आणि तो गाडीकडं गेला.

घरी लोरेन आणि बर्निस टेबलाशी बसल्या होत्या. राय धान्याचा पाव, गार सॉसेज, मुळ्याचा खिस. बाहेर अजून उजेड होता. चेस्टर बसला नाही. टोपी हातात धरून, परक्याच्या घरी आल्यासारखा उभा राहून त्यानं सगळं सांगितलं: सात फिती, पंचवीस पावलं, राखी माती, बाईंची वही.

लोरेननं हातातला पाव ताटलीत ठेवला.

"माझ्यासाठी केलंत?" लोरेननं विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. उत्तर तिनंच ताटात वाढलं होतं. बर्निसही त्याच्याकडं बघत होती, आणि हो म्हटलं असतं तर तिनंही ते चालवून घेतलं असतं.

"नाही," चेस्टर म्हणाला. "गवतासाठी."

लोरेननं मान हलवली, एकदाच. "मी त्या पाण्यावर घर बांधणार होते. आईला त्यात आणून ठेवणार होते."

"मला आश्चर्य वाटत नाहीये," बर्निस हळूच म्हणाली, "आणि तेच मला आवडत नाहीये." मग टेबलाला रेटा देऊन ती उठली आणि जिन्याकडं गेली. चढतानाही तिला बसूनच चढावं लागायचं. त्या रात्री तिनं कुणाला दुसरीकडं बघायला सांगितलं नाही.

लोरेननं आपली ताटली धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "उद्या किती वाजता कापायचं?"

"पाचला."

"ठीक आहे."

पाचला त्या दोघांनी कापायला सुरुवात केली आणि आठपर्यंत एक शब्द झाला नाही. आठ वाजता चेस्टर तसाच चिखलाच्या बुटांनी थर्लोबाईंच्या घरी गेला.

बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्या रागावतील याची तो वाट बघत होता, कारण राग असता तर त्याखाली मान घालून उभं राहता आलं असतं.

"मला वाटलं होतं, तुम्हाला वासावरून कळलं असेल," तो म्हणाला.

"नाही कळलं," बाई म्हणाल्या. "मला खरंच दिसत नाही, चेस्टर. मी तुझी परीक्षा घेत नव्हते. मी तुला विचारत होते."

त्यांनी चाचपडत टिपणवही काढली आणि ते पान त्याच्यापुढं ठेवलं. 'तपकिरी' त्यांनी खोडू दिलं नाही. त्याच्याखाली त्याला 'राखी' लिहायला लावलं, तारीख घालायला लावली, सही करायला लावली. सही करताना त्याच्या बोटांतली माती कागदावर सांडली.

"मी राजीनामा आणलाय," त्यानं खिशात हात घातला.

"तो राहू दे तिथंच. घरी बसलास तर सणासुदीपर्यंत विसरशील. इथं बसलास तर लोक विसरू देणार नाहीत." बाई उठल्या. "आणि मीही माझ्या डोळ्यांचं सगळ्यांना सांगणार आहे. मंगळवारी, तुझ्या आधी."

मंगळवारी त्यांनी सांगितलं, आणि मग चेस्टरनं सांगितलं. डॉक्टर एल्वूडनी एकही विनोद केला नाही. रोमनची वाट पन्नास फुटांवर गेली. शनिवारी पाचही जण शेतात आले आणि या वेळी दर दहा पावलांवर गिरमिट फिरलं. चेस्टर म्हणायचा, "इथून तपकिरी सुरू होतं," आणि ते ऐकून घेऊन पुन्हा गिरमिट फिरवायचे. त्यांच्यात कुणी मुद्दाम करत नव्हतं. सात फिती पंचवीस पावलं वर गेल्या. हुकूम निघाला: खड्डा बुजवायचा, राखी माती खाली, तपकिरी वर, जशी होती तशी, वर झुडपं लावायची, घर उंचवट्यावर.

जुलैत गवत निघालं. रोमनचं यंत्र ओळीत घुसलं की मुळांचे गड्डे बाहेर यायचे, प्रत्येक गड्डा बसलेल्या कुत्र्याएवढा, शेकडो पायांचा. रोमन अजून सांगतो की एका गड्ड्यानं फावड्याचा दात धरून ठेवला आणि यंत्र अर्धा तास मागं-पुढं होईना. चेस्टर गुडघ्यांवर बसून राहिलेली मुळं हातानं ओढत होता. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि पाठीचे मणके त्यातून मोजता येत होते. पलीकडच्या ओळीत लोरेन खोऱ्यानं माती सारत होती.

तिनं एक गड्डा उचलून धरला. "हे दुसरीकडं लावता येतील?"

"या दिवसांत जगत नाहीत."

"थंडीपर्यंत थांबलो असतो तर?"

"तर कदाचित. पण तोवर घर व्हायला हवं."

तिनं गड्डा ढिगावर टाकला. थोड्या वेळानं पाण्याची बाटली त्याच्याजवळ आणून ठेवली. ती बोलायला लागली होती, पण अजून कामापुरतंच.

सप्टेंबरात घराच्या भिंती उभ्या राहिल्या. रुंद दारं, एकही पायरी नाही. खिडक्यांतून ओढा दिसत नव्हता, रस्ता दिसत होता. त्या महिन्यातल्या एका मंगळवारी शहराकडून आलेलं एक जोडपं कमिटीपुढं बसलं होतं. त्यांना तळ्याकाठी घोड्यांचा तबेला बांधायचा होता. नवरा वही काढून लिहून घेत होता; बायको हसरी, सगळं नवं म्हणून सगळं विचारणारी. थर्लोबाईंनी त्यांना फितींचं समजावलं. शेजारी डॉक्टर एल्वूड बसले होते, कारण आता नकाशे बाईंना ते वाचून दाखवायचे.

"मला एक सांगा," ती बाई म्हणाली, "या फिती नुसत्या झुडपाला बांधलेल्या असतात. समजा कुणी हलवल्याच, तर कळतं कसं?"

खोलीतले बारा-पंधरा लोक एकदम आपापल्या हातांकडं बघायला लागले. मागच्या रांगेत रोमन बसला होता, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. डॉक्टरांनी नकाशाची घडी सरळ केली, मग पुन्हा सरळ केली. थर्लोबाईंचं तोंड चेस्टरच्या दिशेला होतं, आणि त्यांना तो दिसत होता की नाही हे कुणाला सांगता आलं नसतं.

"खणलं की कळतं," चेस्टर म्हणाला. "माती राखी निघते."

"आणि मग काय करता त्याला?"

"मग सगळं बुजवायला लावतात." त्याच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या आणि त्याला ते जाणवत होतं. "मला लावलं."

तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ती मोकळेपणानं हसली, आणि आणखी कुणीतरी हसेल म्हणून आजूबाजूला बघितलं. कुणी हसलं नाही. तिचं हसू अर्ध्यात थांबलं, आणि तिनं पुन्हा त्याच्याकडं बघितलं.

चेस्टरनं नजर खाली घातली नाही.